दव पडत नाही

गेल्या जुलैतली गोष्ट. आईची अंगठी मागच्या बेडरूममधल्या कपाटामागे गेली, म्हणून मी आणि बायकोने मिळून कपाट पुढे ओढलं. बघतो तर काय, मागची भिंत छातीपर्यंत काळी-हिरवी! हात लावला तर बोटं काळी झाली. वास तर असा की गावाकडच्या बंद माळ्याचा दरवाजा उघडल्यासारखं वाटलं.

अंगठी सापडली. पण मग आम्ही दोघंही जरा गप्पच झालो, कारण त्या कपाटाला लागूनच आईचा पलंग. आईला दमा आहे. कोकणातल्या पावसाचा तिला त्रास होतो म्हणून जून ते सप्टेंबर ती आमच्याकडे ठाण्याला असते. तीन आठवडे ती रात्री खोकत उठून बसत होती आणि आम्ही घोडबंदर रोडच्या धुळीला शिव्या देत होतो.

आता मी पडलो प्रॉडक्शन सपोर्टवाला. रूट कॉज अनॅलिसिस हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम. त्यामुळे पाच मिनिटांत निदान करून टाकलं. त्या भिंतीच्या कोपऱ्यातून वरच्या मजल्याच्या बाथरूमचा पाइप खाली येतो. म्हणजे गळती वरून. म्हणजे चूक वरच्या काकूंची. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. आधी त्यांना प्रेमाने सांगितलं, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. (तिथे माझा आवाज जरा चढला होता, हे नमूद करून ठेवतो.) वॉटरप्रूफिंगवाल्याने येऊन भिंतीवर टकटक केलं आणि "हा, लीकेज ही है साब" असा निर्वाळा दिला. काकूंनी बाथरूमची फरशी उखडून नवी घातली, पाइप बदलला. अठरा हजार रुपये गेले. आम्ही भिंत खरवडून नवा रंग दिला.

बारा दिवसांनी बुरशी परत आली. त्याच जागी, त्याच आकाराची.

मग मात्र मी हट्टाला पेटलो आणि दोन-तीन शनिवार-रविवार फक्त 'ओल' या विषयावर वाचत बसलो. ओलीला एवढा मोठा इतिहास असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आज तोच सांगायचा आहे.

सुरुवात करू दवापासून. आपण मराठीत म्हणतो 'दव पडलं'. पाऊस पडतो, गारा पडतात, तसं दवही पडतं. यात काही फक्त आपलीच चूक नाही. शतकानुशतकं लोकांना असंच वाटायचं की रात्री आकाशातून अगदी बारीक पाऊस होतो आणि तो गवतावर साचतो. काहींचं म्हणणं उलटं होतं, दव जमिनीतून वर येतं. 'पडतं' हे खोडून काढणारा माणूस म्हणजे विल्यम चार्ल्स वेल्स. अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये १७५७ साली जन्मलेला, पण डॉक्टरकी लंडनला करणारा. हा गृहस्थ लंडनजवळच्या एका बागेत रात्र-रात्र लोकरीचे पुंजके ठेवायचा. प्रत्येक पुंजका दहा ग्रेन वजनाचा. काही उघड्यावर, काही फळीच्या वर, काही फळीच्या खाली. पहाटे परत वजन करायचं, की कुणी किती पाणी खाल्लं ते कळलं. सोबत थर्मामीटर होताच.

त्याच्या लक्षात आलं की स्वच्छ रात्री गवत हे आजूबाजूच्या हवेपेक्षा चक्क जास्त थंड असतं. आणि आधी गवत थंड होतं, मग त्यावर दव येतं. क्रम महत्त्वाचा! गवत आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत बसतं, थंड होतं, आणि त्याला टेकलेल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. गवतावर नुसता पातळ रुमाल ताणून धरला तरी खालचं गवत उबदार राहायचं. १८१४ साली त्याचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा तो इतका आजारी होता की आपल्या हाताशी थोडेच महिने आहेत अशी त्याची समजूत होती. त्याला रम्फर्ड पदक मिळालं आणि १८१७ मध्ये तो गेला. त्याच निबंधात त्याने बंगालचाही विचार केलाय. तिकडे हिवाळ्यात उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून रात्रीतून बर्फ करायचे, आणि हवेचं तापमान शून्याच्या वर असतानासुद्धा तो व्हायचा! वेल्सच्या मते कारण तेच, पाणी आकाशाकडे उष्णता टाकतं.

थोडक्यात काय, तर दव पडत नाही. दव थंड वस्तूवर 'बनतं'. आणि हवा कितपत थंड झाली की बनतं, त्या तापमानाला आपण शाळेत दवबिंदू म्हणतो. परीक्षेत दोन मार्कांना यायचा तोच. :-)

हे वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. मुंबई-ठाण्यात कसली आलीय थंड भिंत? असो.

पुढचा माणूस त्याहून भारी. माक्स फॉन पेटनकोफर, म्युनिक. घरातल्या हवेचं शास्त्र जवळपास यानेच सुरू केलं. १८५८ मध्ये त्याने खोल्यांमधला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि सांगितलं की तो ०.१ टक्क्याच्या वर गेला की हवा राहण्यालायक राहिली नाही असं समजा. म्हणजे हजार पीपीएम. आज ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये तो छोटा डबा लाल होतो ना, त्या आकड्याचं मूळ इथे आहे. पण याच पेटनकोफरने आणखी एक प्रयोग केला. आपल्या खोलीच्या फटी, अगदी किल्लीचं भोकसुद्धा, कागद आणि खळ लावून बंद केलं, आणि हवा किती बदलते ते परत मोजलं. तरीही बऱ्यापैकी बदलतच होती! मग त्याने निष्कर्ष काढला की हवा विटांमधूनच ये-जा करते, म्हणजे भिंती श्वास घेतात. हे वाक्य पुढे जगभर गाजलं. आजही रंगवाले आणि इंटिरियरवाले ते आपल्याला ऐकवतात. १९२८ मध्ये राइश नावाच्या संशोधकाने नीट मोजून दाखवलं की गिलावा केलेल्या अख्ख्या भिंतीतून जाते त्यापेक्षा जास्त हवा एका किल्लीच्या भोकातून जाते. पेटनकोफरची एखादी फट बुजवायची राहिली होती, दुसरं काय!

(भिंत श्वास घेत नाही, पण घाम मात्र टिपते, हे खरं. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती बघा. खाली दगडी जोतं, वर विटा किंवा पांढरी माती, त्यावर चुन्याचा गिलावा. असली भिंत दमट दिवसात ओलावा पिते आणि कोरड्या दिवसात सोडते. शिवाय दरवर्षी चुन्याची सफेदी व्हायची आणि ताज्या चुन्यावर बुरशीला जगता येत नाही, इतका तो अल्कलाइन असतो. म्हणून वाडे कोरडे ठणठणीत असायचे असं मात्र नाही. जमिनीतून ओल चढायची आणि भिंतीला लोणा लागायचा, हे आजीला विचारा. पण प्लास्टिक पेंटच्या भिंतीला टिपायलाही येत नाही. पाणी वरच बसतं आणि बुरशीची सोय होते.)

पेटनकोफरचं खरं प्रेम मात्र कॉलऱ्यावर होतं. त्याचं ठाम मत असं की कॉलऱ्याचा जंतू एकटा काही करू शकत नाही. खालची जमीन ओली, घाणेरडी हवी, भूजलाची पातळी खालीवर व्हायला हवी, तेव्हा त्यातून विष तयार होतं. म्हणजे गुन्हेगार कोण? ओल! हे मत भारतातही आलं. टिमोथी लुईस आणि डेव्हिड कनिंगहॅम हे दोन तरुण लष्करी डॉक्टर कलकत्त्याला येण्याआधी जर्मनीत जाऊन पेटनकोफरला भेटले होते. इकडे येऊन त्यांनी माती आणि भूजल यांचा कॉलऱ्याशी संबंध लावण्यात वर्षं घालवली. आणि त्याच कलकत्त्यात १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख पिण्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवून मोकळा झाला.

पेटनकोफर मानायला तयार नाही. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी, त्याने कॉलऱ्याच्या जंतूंनी भरलेलं पाणी स्वतः पिऊन दाखवलं. थोडे जुलाब झाले, जगला. 'बघा, मी म्हणत नव्हतो?' यातली शोकांतिका अशी की त्याच वर्षी हँबुर्गमध्ये कॉलऱ्याने साधारण ८,६०० माणसं गेली. हँबुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारी चिकटून असलेलं आल्टोना गाळून पीत होतं आणि ते बरचसं वाचलं. रस्त्याच्या या बाजूला मृत्यू, त्या बाजूला नाही. ओल दोन्हीकडे तीच.

पण हाही भाग सांगितला पाहिजे, की याच माणसाच्या आग्रहामुळे म्युनिकला गटारं आली, डोंगराकडून स्वच्छ पाणी आलं आणि विषमज्वर प्रचंड कमी झाला. कारण चुकलं, उपाय बरोबर! आमच्या धंद्यात असं फार होतं. सर्व्हर रीस्टार्ट केला की प्रॉब्लेम जातो, आणि मग रीस्टार्ट करणारा स्वतःला जीनियस समजायला लागतो.

याचाच मुंबई एपिसोड १८९६ चा. मांडवीत प्लेग आला आणि डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. म्युनिसिपालिटीला वाटलं, कारण म्हणजे काळोखी, कोंदट, ओली घरं आणि तुंबलेली गटारं. मग गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं. घरांच्या भिंतींना चुना मारला. ऊन-वारा आत यावा म्हणून काही ठिकाणी छपराची कौलं काढली. माणसांचं सामान बाहेर काढून जाळलं. पुण्यात हे प्रकरण कुठवर गेलं ते आपण सगळे शाळेत शिकलोय. २२ जून १८९७, गणेशखिंड, रँड. ज्यांच्या घरात हे झालं त्यांच्यासाठी ते 'सॅनिटेशन' नव्हतं, धाड होती. आणि गुन्हेगार होती उंदरावरची पिसू! पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत ते दाखवलं, तरी कुणी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने पुन्हा प्रयोग केले तेव्हा कुठे ते सर्वमान्य झालं.

तोवर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता, कोंदट वस्त्या पाडून उजेड-वारा आणायला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याचे आखीव रस्ते ही त्याचीच कामं. त्या ट्रस्टचा एक नियम मला इंजिनियर म्हणून फार आवडला, साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या घराच्या तळापर्यंत रेषा काढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त उभी नको. या कोनाचा टॅन काढा, दोन येतो. म्हणजे दोन इमारतींत जेवढी मोकळी जागा, त्याच्या दुपटीहून जास्त उंच बांधायचं नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये यावर मुंबईत व्याख्यानंही दिली होती. आज आमच्या कॉम्प्लेक्सच्या दोन टॉवर्समध्ये उभं राहून हा कोन मोजायची हिंमत मला होत नाही.

आता शेवटचा माणूस, आणि आमच्या भिंतीचा गुन्हेगार (एका अर्थाने). विलिस कॅरियर. वय २५, नोकरीला लागून जेमतेम वर्ष. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार आली की उन्हाळ्यात दमट हवेने कागद फुगतो, आक्रसतो आणि रंगांचे थर एकमेकांवर बसत नाहीत. कॅरियरने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेली. हवा दवबिंदूखाली गेली की पाणी नळीवर बसतं आणि हवा कोरडी होते. म्हणजे पहिला आधुनिक एसी माणसांना गार करायला नव्हताच. तो ओल काढायला होता! वेल्सच्या गवताची जागा नळ्यांनी घेतली, एवढाच फरक. एसीच्या मागच्या पाइपमधून टपटपणारं पाणी म्हणजे यंत्राने पकडलेलं दव.

हे वाचताना मी घरूनच काम करत होतो. दुपारचे दोन. त्याच बेडरूममध्ये. आणि भिंतीपलीकडून एसीची घरघर ऐकू आली.

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मुलगा राहतो. आपल्याच जमातीतला, अमेरिकेच्या शिफ्टमध्ये काम करतो. सकाळी येतो आणि एसी अठरावर ठेवून संध्याकाळपर्यंत झोपतो. मी ऑफिसला असल्यामुळे इतके दिवस ही घरघर ऐकली कुणी? उठून भिंतीला हात लावला. गार!

मग रीतसर मोजमाप. कोविडमध्ये घेतलेली कपाळाला लावायची थर्मामीटरची बंदूक ड्रॉवरमध्ये पडलेली होती, तिला 'सरफेस' मोड असतो. एक स्वस्तातला आर्द्रतामापक मागवला. खोलीतली हवा २९ अंश, आर्द्रता ८५ टक्के. म्हणजे दवबिंदू साधारण २६. आणि कपाटामागची भिंत? पावणेपंचवीस. कपाट म्हणजे भिंतीवर घातलेली रजई. आमच्या खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोचू देत नाही, आणि पलीकडून तर गारवा चालूच. गंमत म्हणजे भिंत ठिबकायचीही गरज नसते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला तेवढं पुरतं.

खात्री करायला एक जुनी युक्ती केली. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवला. पाणी फॉइलच्या मागे आलं तर ओल भिंतीतून, पुढे आलं तर हवेतून. दुसऱ्या दिवशी दुपारी फॉइलच्या पुढच्या बाजूला बारीक थेंब होते. मागची बाजू कोरडी. वॉटरप्रूफिंगवाला, सोसायटी आणि मी, तिघंही चूक.

ज्यांच्या घरी असं होतं त्यांच्यासाठी एक धोक्याची सूचना. इंग्लंड-जर्मनीचे सल्ले जसेच्या तसे वापरू नका. तिकडे थंडीत बाहेरची हवा कोरडी असते, म्हणून 'खिडकी उघडा' हा उपाय चालतो. आपल्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीच्या हवेत त्या दिवशी साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन तरंगत होतं. खिडकी उघडून आणखी तेच येणार. आपल्याकडे उपाय दोनच, भिंत गार होऊ द्यायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी काढायचं. आम्ही कपाट त्या भिंतीवरून हलवलं. मास्क लावून बुरशी साबणाच्या पाण्याने पुसली आणि ती फडकी टाकून दिली. खोलीत दोरीवर कपडे वाळत घालणं बंद केलं (एका लोडमधून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं). शेजारच्या मुलाला घरी बोलावून फॉइल दाखवलं. तो बिचारा ओशाळला. आता पंचवीसवर एसी आणि पंखा लावून झोपतो. आईच्या खोलीत दुपारी आमचा एसी 'ड्राय' मोडवर थोडा वेळ लावतो.

घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये पुरावे तपासून सांगितलंय. बुरशी परत आली नाही. आईचं रात्री उठून बसणं कमी झालं. ते भिंतीमुळे, की तोवर पाऊसही ओसरायला लागला होता म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पेटनकोफरकडून एवढं तरी शिकायला हवं.

राहता राहिल्या काकू.

पुढच्या रविवारी वर गेलो. अठरा हजारांचं पाकीट नेलं होतं. सगळं सांगितलं, फॉइल, दवबिंदू, शेजारचा एसी. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "अरे, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना, माझा नळ दोन दिवस बंद ठेवून बघ. ओल वाढली की थांबली ते कळेल."

म्हटल्या होत्या. मला चक्क आठवलं. सगळ्यात साधी टेस्ट, एक पैसा न लागणारी, आणि मी ती केली नव्हती. कारण मला उत्तर आधीच माहीत होतं ना!

काकूंनी पैसे घेतले. मोजून घेतले. चहा मात्र दिला.

चला, पुढच्या शनिवारी भेटू. तोवर कपाट एकदा पुढे ओढून बघा.